पाण्यावर उतरताना चाक वर

रविवार, १२ ऑक्टोबर

दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी ह्यांचं ग्लायडर धरणाच्या पाण्यात उतरलं. क्लबाने मला फोन केला ५ वाजून १५ मिनिटांनी. पंच्याण्णव मिनिटं! छापखान्यात असताना एवढ्या वेळात मी सोळा पानांचा एक फॉर्म तपासून छपाईला सोडत असे. तक्रार करणार. मुद्दा क्रमांक एक.

हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी मला 'आजी' म्हणाली. मी म्हटलं, आपलं काही नातं असल्याचं मला कुणी कळवलेलं नाही.

ह्यांना दोन मिनिटं पाहू दिलं. दोन मणके मोडलेत, छातीत पाणी गेलंय. नखांत गाळ. मी सांगितलं, बोलू नका. बोलले नाहीत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

उद्या अर्ज लिहिणार. एकच पान. संयमित भाषा.

सोमवार, १३ ऑक्टोबर

अर्ज चार पानांचा झाला. संयम पहिल्या पानावर आहे.

क्लबचा मुख्य प्रशिक्षक भेटायला आला. मी त्याला मनात 'गॉगल' म्हणते, कारण तो घरातही उतरवत नाही. आज उतरवला होता. म्हणाला, वहिनी, टेकडीमागे हवा खाली ओढत होती, धावपट्टीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. काठावर सगळे दगड. त्यांनी पाणी निवडलं ते बरोबरच केलं. पण टेकताक्षणी नाक पाण्यात गेलं, सरळ खाली.

मग म्हणाला, चाक आत होतं.

मी म्हटलं, आतच असणार. पाण्यावर काय रस्ता आहे चाक फिरवायला?

तो चहा तसाच टाकून गेला. वाईट सवय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नोंद असावी म्हणून लिहून ठेवते. कॉकपिटमध्ये संकटकाळच्या सूचनांचं कार्ड असतं. ते मी केलं. दोन वर्षांपूर्वी गॉगलने त्याच्या खेकड्यासारख्या अक्षरात मसुदा आणून दिला आणि म्हणाला, वहिनी, जरा नीट करून लॅमिनेट करून द्या. पाण्यावर उतरण्याच्या सात ओळी. दुसरी ओळ : 'चाक खाली.'

उघड उघड चूक. मी 'चाक वर' केलं.

चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. मंत्र्यांची भाषणं दुरुस्त केली आहेत, एका मंत्र्याने वडिलांच्या मृत्यूचं सालच चुकवलं होतं. माझ्या हातून एकही चूक छापून गेलेली नाही. आणि शेवटच्या प्रुफावर गॉगलची सही आहे. न वाचता सही करतो त्याला मी काय करणार? मुद्दा क्रमांक नऊ.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ह्यांना ज्याने बाहेर काढलं तो मासेमार हॉस्पिटलमध्ये आला. दारातच उभा. म्हणाला, मावशी, आत नको, अंगाला वास आहे. मी म्हटलं, इथे सगळ्यांनाच वास आहे, बसा.

त्याने सगळं सांगितलं. काकांचं डोकं पाण्याखाली होतं, पट्टा निघेना, शेवटी जाळ्याच्या सुरीने कापला. चार मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणाला, एक गंमत पाहिली मावशी. ते लांबून येत होते ना, तेव्हा विमानाच्या पोटातून चाक बाहेर आलेलं होतं. अगदी पाण्याजवळ आल्यावर परत आत गेलं.

म्हणजे हात सवयीने चुकला आणि ह्यांनी वेळीच सुधारला. ऐनवेळी इतकी शिस्त! अर्जात घालायला हवं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

गॉगलचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून ह्यांच्या कपाटातून ग्लायडर उडवण्याचं मूळ पुस्तक काढलं. आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी शिकवलंय, ऐकीव गोष्टीवर भांडू नये, मूळ ग्रंथ उघडावा.

पान ११८. पाण्यावर उतरताना चाक खाली ठेवावं. चाचण्या घेतल्या आहेत. चाक आत असेल तर नाक बुडतं आणि ग्लायडर पाण्याखाली जातं.

पुस्तक जुनं आहे. बांधणी ढिली. लेखकाचं इंग्रजी सुमार, एका वाक्यात तीनदा 'however'. अशा माणसावर किती विश्वास ठेवायचा? शिवाय चाचण्या कुठल्या पाण्यात घेतल्या ते लिहिलेलं नाही.

पुस्तक कपाटाच्या वर, मागे ठेवलं. स्टूल लागतं तिथे. पुन्हा काढणार नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

काढलं. तेच लिहिलंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

चौकशी अधिकारी ह्यांचा जबाब घ्यायला आले. मला बाहेर बसवलं. वीस मिनिटं. बाहेर येऊन फाइल मिटत म्हणाले, मॅडम, तुमचे मिस्टर फार सरळ माणूस. सांगतात, कार्ड मी पाहिलंच नाही, कधी वाचलंही नाही, घाईत माझ्याच मनाने चाक आत घेतलं.

मला हायसं वगैरे काही वाटलं नाही. फक्त दोन कॉफ्या प्यायले, लागोपाठ.

कधी वाचलं नाही! दर रविवारी निघण्याआधी मी कार्डावरच्या सातही ओळी म्हणून घेत असे. म्हटल्याशिवाय चहा नाही. हे मुद्दाम शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहायचे. पट्टे घट्ट. चाक वर. काठाला समांतर. शेवटी म्हणायचे, चाक वर गेलं बाईसाहेब, आता चहा खाली उतरू द्या.

रविवारची ही गोष्ट अधिकाऱ्यांना सांगायला हवी होती. विचारलं नाही त्यांनी. न विचारलेलं सांगू नये.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

ताप. छातीत संसर्ग. नळी घालावी लागेल म्हणाले.

लेक आली. सामान खाली ठेवायच्या आत विचारलं, आई, ते कार्ड तू केलं होतंस ना? मी म्हटलं, ते क्लबाने केलं, मी सहकार्य केलं. ती म्हणाली, आई. एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून बसली. तिला शिष्टाचार शिकवण्यात मी कमी पडले.

नळी घालण्याआधी मला पाच मिनिटं दिली. मी ह्यांना स्पष्टच विचारलं, खोटं का बोललात? मास्क बाजूला करून म्हणाले, तुझ्या हातून एकही चूक छापून गेली नाही, असं अख्ख्या गावाला सांगत आलोय मी. आता ह्या वयात कुठे बदलू?

मी म्हटलं, मास्क लावा.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. सकाळी ६.१०

गेले.

नर्सने कागदावर ६.१२ लिहिलं. मी दुरुस्त करायला सांगितलं. तिने केलं. चांगली मुलगी आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

माणसं येतात. सगळे तेच म्हणतात, आवडीचं काम करताना गेले. मी म्हणते, नाही, हॉस्पिटलमध्ये गेले.

क्लबाविरुद्धच्या अर्जाचे एकवीस मुद्दे झाले. आज वाचून पाहिले. पंच्याण्णव मिनिटांचा मुद्दा अजूनही भक्कम आहे. बाकीचे नीट बसत नाहीत. डोळे दुखतात, चष्म्याचा नंबर बदलला असणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चौकशीचा अहवाल आला. निष्कर्ष : वैमानिकाची चूक.

तो देताना गॉगल हळूच म्हणाला, चारही ग्लायडरमधली कार्डं मी काढून घेतली वहिनी, नवी लावली. कुणाला काही बोललो नाही. सही माझीही होती. आता ते गेले, त्यांचीच तशी इच्छा होती. आपल्या दोघांच्याच पोटात राहू द्या.

लेक म्हणाली, राहू दे आई. बाबांनी एवढं केलंय तुझ्यासाठी.

ठरवलं. राहू द्यायचं. फाइल बंद. आजपासून सकाळी फिरायला जाणार, दुपारी वाचन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फिरायला गेले नाही. वाचन केलं. अहवालच वाचला. बारा पानांत सदतीस चुका. ह्यांचं वय एका वर्षाने कमी लिहिलंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

एकतीस वर्षं उडले. एकदाही ओरखडा नाही. शेवटच्या क्षणी हाताने बरोबर केलेलं होतं, ते ह्यांनी माझं ऐकून परत फिरवलं. आणि कागदावर काय? वैमानिकाची चूक! क्लबाच्या भिंतीवर तो कागद लागणार. नवी पोरं तो वाचून मान हलवणार. माझ्या नवऱ्याला नावं ठेवायचा अधिकार फक्त मला आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ११

अर्ज पाठवला, रजिस्टर पोस्टाने. एकवीस मुद्दे काढून टाकले, पंच्याण्णव मिनिटांचासुद्धा. एकच पान झालं. प्रत इथे उतरवून ठेवते.

'चौकशी अधिकारी यांस,

आपल्या अहवालात दुरुस्ती हवी आहे. पान ९, ओळ ४ : "वैमानिकाने स्वतःच्या चुकीने चाक आत घेतले" हे वगळावे. त्या जागी घालावे : "वैमानिकाने कॉकपिटमधील कार्डाप्रमाणे चाक आत घेतले. मूळ मसुद्यात 'चाक खाली' असे होते. ते खाली सही करणाऱ्या व्यक्तीने कुणालाही न विचारता बदलले. वैमानिकाला ते कार्ड तोंडपाठ होते. तिनेच ते दर रविवारी म्हणून घेतले होते. त्यांनी आपल्याला दिलेला जबाब खोटा आहे आणि तो त्यांनी कुणासाठी दिला हे आपल्या लक्षात येईल."

पान ९, ओळ ६ : "वैमानिकाची चूक" यातील "वैमानिकाची" हा शब्द वगळावा. तिथे माझे नाव पूर्ण घालावे, वडिलांचे आणि नवऱ्याचे धरून.

या दोन्ही दुरुस्त्या केल्याचे, आणि माझ्यावर काय कारवाई करणार आहात याचे, लेखी उत्तर सोमवार, २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला मिळावे. फोन करू नये. माझी समजूत घालायला कुणालाही घरी पाठवू नये.'