चार बोटं माया

प्रिय टाचणी,

तू नीट पोचल्याचा निरोप मिळाला. मी ठीक आहे. स्वयंपाक जमतो, मीठ तेवढं विसरतो. आईचं दिवसकार्य आटोपून निघताना तू दारात बॅग खाली ठेवलीस आणि विचारलंस की आईनं शेवटी शेवटी माझं नाव काढलं होतं का. मी तुझी बॅग उचलून हातात दिली. तू समजायचं ते समजलीस आणि जिना उतरलीस. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आता थोडं कळलं आहे. तोंडी सांगणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

परवा नाट्यगृहाच्या कपडेपटात, आई शिवायची तिथे, जाऊन तिचा चष्मा आणि कात्री घेऊन आलो. बॅलेचे पांढरे झगे अजून तसेच छताला उलटे टांगलेले आहेत. तू लहान असताना म्हणायचीस, बायका डोकं खाली करून लटकल्यात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. तिथल्याच शिवणाच्या टेबलाखाली बसून तू लोहचुंबकानं टाचण्या गोळा करायचीस, त्यावरून तुला हे नाव पडलं. कचेरी सुटल्यावर मी तुम्हा दोघींना घ्यायला यायचो आणि हिचं, तुझ्या आईचं, काम संपेपर्यंत स्टुलावर बसून ऐकायचो. पाणीपुरवठ्याच्या खात्यातला माणूस मी, पण झग्यांचा सगळा इतिहास मला तिथे कळला. परदेशातल्या राजवाड्यांतल्या नाचात झगे इतके जड असत की पाय दिसतच नसत. मग एका नर्तकीनं आपला झगा घोट्यावर आणला, कारण तिची पावलं चपळ होती आणि ती लोकांना दिसायला हवी होती. पुढे जाळीचा घंटेसारखा झगा आला, आणि तीच जाळी गॅसच्या दिव्यांवर पेटून काही मुली गेल्या. आगीपासून वाचवणारं द्रावण होतं, पण त्यानं जाळी पिवळट आणि ताठ होई, म्हणून मुली ते नको म्हणत. हे सांगताना ही मशीन थांबवायची.

मग रंगमंचावर सैल, भडक रंगांचे पोशाख आले आणि तिकडच्या शहरांतल्या बायका तसेच शिवून घेऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर संध्याकाळच्या पोशाखांना जाळीचा घेर आला, नाचाचे बिनटाचेचे बूट रस्त्यावर आले. तू हे सगळं पाठ करून शिकायला गेलीस आणि फॅशनवाली झालीस. तुमची फॅशन म्हणजे आमच्या विंगेतून पळवलेले कपडे, असं ही चिडवायची. तू म्हणायचीस, पळवलेले नाहीत गं, थोरलीचे धाकटीनं घातलेले. तेव्हा दोघी हसायचात.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तुझा पहिला शो होता. आम्ही पुढच्या रांगेत होतो. मला सगळंच छान वाटलं, पण माझ्या मताला कोण विचारतो. शो संपल्यावर ही सरळ त्या निळ्या झग्यातल्या मुलीपाशी गेली, मुलगी आत असतानाच झग्याची कड उलटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, अगं, यात मायाच नाही. कपडेपटात तो रोजचा शब्द. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं नसेल तर झगा पुढच्या मुलीसाठी उसवून सैल करता येत नाही, आणि तिथे एकेक चोळी कितीतरी मुलींच्या अंगावरून जाते. पण वार्ताहराला शिवणकाम कुठलं येतंय? दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, "यात मायाच नाही : डिझायनरला आईचा घरचा आहेर." तुला खरा अर्थ माहीत होता, आणि म्हणूनच जास्त लागलं, असं तू मला फोनवर म्हणालीस. इतकं केलं मी, आणि आईनं बाहेरून एकदाही बघितलं नाही. मी हे हिला सांगितलं. ही म्हणाली, मला आतूनच बघता येतं, त्याला मी काय करू. त्यानंतर तुमचे फोन "बाबांना दे" एवढ्यावर आले.

आजारपणात हिनं घरात तुझा विषय काढला नाही. हे खरं आहे, मी लपवत नाही. दुपारी मात्र हट्टानं कपडेपटात जायची. मी सोडायचो, आणायचो. मन रमतं तर जाऊ दे, एवढंच मला वाटायचं.

काल तुझी कपडेपटातली मावशी एक गाठोडं घेऊन आली. आत राखाडी रंगाचा लांब झगा आहे, रोज घालण्यासारखा. वरचा भाग मात्र नाचाच्या चोळीसारखा बारीक कळ्यांचा, उभ्या पट्ट्या जोडून केलेला. माप तू घर सोडलंस तेव्हाचं, हिला तोंडपाठ होतं ते. मावशी सांगत होती, शिवताना ही म्हणायची, आता कशी झाली असेल कोण जाणे, माझ्यावर गेली असेल तर सुटली असेल, बापावर गेली असेल तर काडी. मी झगा उलटा करून बघितला. प्रत्येक शिलाईत चार चार बोटं माया सोडली आहे. मावशी म्हणाली, इतकी कोणी ठेवत नाही, कापड आत गोळा होतं, मी सांगून थकले. डावीकडचे टाके बारीक आहेत. उजवीकडे ते लांब आणि वेडेवाकडे होत गेले आहेत, आणि शेवटच्या हातभर जागेत नुसता कच्चा टाका आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच मिळालं. नाव काढलं नाही, पण तू कशीही झाली असलीस तरी तुला बसेल असं शिवलं. झगा टपालानं पाठवत नाही. तो अंगावर घालूनच मापात बसवावा लागेल, आणि उरलेली शिलाई तुझ्याशिवाय कोणाला घालू द्यावी असं मला वाटत नाही. घरातलं मशीन खिडकीपाशी आहे, तेल घालून ठेवलं आहे. मला टाचण्या लावता येत नाहीत, पण आरसा धरून उभा राहीन. ये.

तुझेच,
बाबा