खुणेपरमाणं

१० जानेवारी १९७८

आले बाई एकदाची! साताऱ्याहून कराड, कराडहून इस्लामपूर, आणि पुढं कारखान्याच्या जीपमधून धूळ खात इथवर. अंगाचा खुळखुळा झाला, पण खोली बघितली आणि शीण गेला. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे, खिडकीबाहेर सगळा ऊस. मनुबाई नावाची आया आहे, तिनं आल्याआल्या गरम भाकरी आणि घेवड्याची आमटी पुढं ठेवली. लय वाळलायसा, असं म्हणून वर तूपही वाढलं.

माझं काम नवीन आहे. हॉस्पिटल चालवणाऱ्या कारखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासो यांनी कुठूनसं ऐकलं, की मोठ्या इस्पितळांत औषधांची तपासणी करतात. लिहिलेलं औषध त्या दुखण्याला लागू आहे का, लिहिलं तेच दिलं का, मात्रा बरोबर आहे का. तसं इथंही हवं म्हणाले. फार्मसी शिकलेली बाई या भागात पहिलीच, असंही म्हणाले. मी मान ताठ केली. का करू नये?

१४ जानेवारी

संक्रांत. कंपाउंडर धोंडिराम यांनी तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाले. मी म्हटलं, ते तुमच्या कामावर आहे.

इथली रीत गमतीची आहे. पेशंट बाटली घरून आणतो, धोंडिराम बरणीतून औषध ओततात. लोकांना वाचता येत नाही, म्हणून कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती बाटलीला खळीनं चिकटवतात. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. मोठ्या माणसाच्या खुणा लांब लांब, पोराच्या अगदी जवळ जवळ. जुनी बाटली आली तर जुनी पट्टी भिजवून काढायची आणि नवी लावायची. साधं आणि शहाणपणाचं काम.

बाकी मात्र आनंद आहे. पाय मुरगळला तरी लोकांना सुई हवी. सुईबिगर गुण न्हाई, असं एक म्हातारा माझ्याशीच भांडला. खोकला असो नसो, डॉक्टर घोरपडे खोकल्याचं तांबडं औषध लिहितात. त्यात अफूचा अर्क असतो, बडीशेपेचा वास येतो, झोप छान लागते, पेशंट खूश. मी आजच त्यांना सुनावलं. हसले. माणूस गोड आहे.

१९ जानेवारी

एक पोर गेलं. धुळा, दीड वर्षाचा. जतकडचे धनगर मेंढरं घेऊन इकडच्या रानात बसलेत, त्यांच्यातलं. खोकला होता, तांबडं औषध दिलं, झोपलं ते उठलंच नाही.

आई भामाबाई सकाळीच आली. रडत नव्हती. घोंगड्याच्या खोळीत बाटली धरलेली. एकच वाक्य बोलत राहिली, की खुणेपरमाणंच पाजलं, चोचीच्या बोंडल्यानं पाजलं, बाटली बघा. मी डॉक्टरांची चिठ्ठी बघितली, पोराची मात्रा बरोबर लिहिलेली. बरणीतलं औषध तपासलं, बरोबर. धोंडिराम यांनी देवाची शपथ घेतली, की पट्टी नवी लावली होती. मग राहिलं काय? ती पुन्हा बाटली पुढं करत होती. माझं डोकं फिरलं होतं, मागं शंभर माणूस खोळंबलेलं. म्हटलं, बाई, बाटली काय बघायची, खूण कळत नाही तर विचारायचं होतंस. आणि हाताच्या कोपरानं तिला बाजूला केलं.

अहवाल लिहिला. औषध योग्य, मात्रा योग्य, देणं योग्य. आईनं जास्त पाजलं.

२३ जानेवारी

डॉक्टरांनी अहवाल व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचला. लोकांचा गैरसमज नको म्हणून. भामाबाई खांबाला टेकून उभी होती. नवरा तिथंच तिच्या तोंडावर थुंकला आणि पोरखाऊ म्हणाला. तिनं माझ्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं, धोंडिराम यांच्याकडं. कागदावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई, पर तुमचं तोंड मी वळखून ठेवलंय, एवढं बोलून गेली.

दुपारी मनुबाई पळत आली. भामाबाईनं उरलेली बाटली पिऊन टाकली. मेंढरांच्या वाड्यामागं मेली.

मला जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी

आज डोळ्यांनी बघितलं. रांग लांब होती. एका बाईनं तान्ह्यासाठी जुनी बाटली पुढं केली, तिच्यावर सासऱ्याच्या औषधाची पट्टी तशीच. धोंडिराम यांनी ती भिजवली नाही, काढली नाही. सरळ औषध ओतलं आणि खुणेपरमाणं पाज म्हणाले.

मी बाटली हिसकावून मोरीत ओतली. औषधाची वही चाळली, तर धुळाच्या आधी दोनच दिवस भामाबाईच्या नवऱ्यानंही तांबडं औषध नेलेलं. भामाबाईच्या बाटलीवरही नवऱ्याची पट्टी होती तर! मोठ्या माणसाच्या खुणा. बिचारीनं खुणेएवढंच पाजलं. बघा बघा म्हणत होती आणि मी बघितलं नाही.

डॉक्टरांकडं गेले. ते शांतपणे म्हणाले, की अहवाल सरकारात गेला, खाली सही तुमची आहे, आणि मेलेल्या बाईला आता काय फरक पडतो? मी संतापानं लाल झाले. आणि गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, खरं ते लिहिते.

३० जानेवारी

धोंडिराम गेले. भर दुपारी, औषधाच्या खिडकीत, स्टुलावर बसल्या बसल्या. लोकांना वाटलं डुलकी लागली. हनुवटीवर तांबडा ओघळ होता. बडीशेपेचा वास. नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटांचे वळ, पोराचं नाक दाबून औषध पाजतात तसे.

मनुबाई म्हणते, बया बया, धनगरीण सोडायची न्हाई कुणाला.

मी तिला रागावले.

३ फेब्रुवारी

डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता टेबलावर पडले. सांगलीला नेलं. शुद्धीवर आलेच नाहीत, सकाळी निरोप आला. त्यांच्याही नाकावर वळ.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की आता मी राहिले.

४ फेब्रुवारी

जेवण करून जरा आडवी झाले. उठले तेव्हा तोंडात गोडूस, कडवट चव. बडीशेप. गालावर घोंगडं टोचल्यासारखं. खिडकीत बाटली, तिच्यावर लांब लांब खाचांची पट्टी. औषध एक खूण खाली.

बाटली दगडावर आपटून फोडली.

५ फेब्रुवारी

बाटली खिडकीत आहे. आणखी एक खूण खाली.

झोपायचं नाही. उभी राहिले, तोंडावर पाणी मारलं. तरी डोळे मिटले. कुणीतरी पाय पसरून बसलं होतं आणि माझं डोकं त्या पायांवर होतं. मेंढरांचा वास. थोपटत होती. खरंच, आई थोपटते तसं.

६ फेब्रुवारी

पळाले. एस.टी.त बसले. इस्लामपूरला कंडक्टरनं हलवून हलवून उठवलं म्हणे, उठेना म्हणून हॉस्पिटलच्या जीपमध्ये घालून परत पाठवली. तोंडात चव. हात जड.

मेलीनं सूड घ्यावा तो किती! पण तिचं पोर—

मी तिच्या जागी असते तर मीही—

७ फेब्रुवारी

नवा अहवाल लिहिला. चूक आमची. पट्टी जुनी होती. आईनं बरोबर पाजलं. सही केली, आप्पासोंना पाठवला. आता तरी सोड बाई, असं मोठ्यानं म्हणाले.

खिडकीत बाटली. एकच खूण उरली आहे.

८ फेब्रुवारी

दुपार. ती समोर बसली आहे. पाय पसरून. डोळे उघडे असताना दिसते आता.

कागद दाखवला. तिनं बघितलाही नाही. लिवून काय उपेग, मला वाचता येत न्हाई, म्हणते. कागदानं मला मारलं. आता तोंडानं सांगा. बाहेर रांग हाय, समद्यांस्नी ऐकू जाईल असं सांगा, म्हणते.

सांगते. सांगते गं. व्हरांडा दहा पावलांवर— पाय उचलत नाहीत. जीभ जड. इथूनच ओरडते. भामाबाईची चूक नव्हती, एवढंच ओरडायचं— मनुबाई ऐकेल, लोक ऐकतील—

तिच्या हातात बोंडलं. दुसरा हात माझ्या नाकावर—

श्वास— तोंड उघडलं— सांगायलाच उघडलं गं, सांगायला— आणि तिनं—