धम्मपालच्या माशाचे माप

मी, नाथाजी केरबा साळुंखे, वय एकोणसत्तर, निवृत्त हवालदार, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर क्रांतीताईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. साखर आहे, गुडघा धरतो, पण आठवण शाबूत आहे आणि खरा त्रास तिचाच आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. उंब्रजचे राहते घर, मागच्या अंगणातील सिमेंटच्या हौदासह, माझी एकुलती एक मुलगी संयोगिता हिला मिळावे. ती पुण्यात असते. दर रविवारी फोन करते आणि "पप्पा, जेवलात का?" विचारते. मी हो म्हणतो. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. तिची आई मनुबाई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, या घरात मी एका खोलीत राहतो आणि बाकी तीन खोल्या फक्त झाडतो.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल ते सर्व संयोगिताचे. पासबुके पिठाच्या रिकाम्या डब्यात आहेत.

कलम ३. शेजारच्या राहीबाई मला सहा वर्षे सकाळची भाकरी देत आहेत. फ्रिज, गॅसची शेगडी आणि मनुबाईचे शिलाई मशीन त्यांना द्यावे. संयोगिताने यावर तोंड वाकडे करू नये.

कलम ४. आता माझी हत्यारे. तोफखान्यात मी अंतर मोजण्याचे काम केले आणि घरी आल्यावर मासे मोजले. आमच्या कृष्णाकाठ गळ मंडळाच्या स्पर्धांचा मी एकोणीस वर्षे पंच होतो. लोकांना वाटते, गळ टाकणे अवघड. गळ कोणीही टाकतो. मासा ओल्या फळीवर निजवायचा, तोंड मिटवून शून्यावरच्या ठोकळ्याला टेकवायचे, शेपटी आपसूक पडेल तशी पडू द्यायची, शेजारी स्पर्धकाचा बिल्ला ठेवून फोटो काढायचा आणि त्याचा जीव जायच्या आत त्याला पाण्यात सोडायचे, याला सराईत हात लागतो. शिराळ्याकडच्या एका स्पर्धेत वजनावर बक्षीस होते. तिथे मी एका कटल्याच्या पोटातून शिशाचे सात गोळे काढले. तो गृहस्थ आता मोठा माणूस झाला आहे, नाव लिहीत नाही. गोळे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ते, काट्याचा तराजू आणि दोन स्टीलच्या पट्ट्या मंडळाला द्याव्यात.

मंडळाचे चिटणीस साईराज यांनी मागच्या वर्षी मोबाईलवरून मासा मोजायचे सुरू केले आणि मला शाल देऊन खुर्चीवर बसवले. "तात्या, तुमी आता निस्तं बसा." शाल कपाटात घडी न मोडता ठेवली आहे. ती त्यांना परत करावी. ते म्हातारे होतील तेव्हा लागेल.

कलम ५. माझी सागवानी मोजफळी कोणालाही देऊ नये. कारण पुढे लिहितो. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

धम्मपाल रोकडे आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो कराडच्या एसटी वर्कशॉपात लागला, मी फौजेत गेलो. सुट्टीवर आलो की घरी पिशवी टाकून आधी त्याच्याकडे जायचो आणि दोघे तारळीच्या संगमाखालच्या डोहावर गळ टाकून बसायचो. दिवसभरात दहा वाक्ये बोललो तरी पुष्कळ. माझ्या आयुष्यात तेवढे सुख मला दुसरीकडे मिळाले नाही. मनुबाईला हे माहीत होते, तिने कधी राग धरला नाही.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत त्याच डोहावर स्पर्धा होती. चाळीस सेंटिमीटरच्या खालचा मासा हिशेबात धरायचा नाही असा नियम, आणि तो मीच केलेला. धम्मपालचा तिसरा मासा, एक रोहू, माझ्या फळीवर एकोणचाळीस पूर्णांक सहा भरला. तो हिशेबात धरला गेला असता तर पहिला नंबर धम्मपालचा होता. तो फळीवर वाकला. म्हणाला, "नाथा, आणायच्या आदी गळाच्या काठीवर लावून खूण केलीया रं. चाळीसच्या वर हाय. बघ तर एकदा."

मी काठीकडे पाहिले नाही. त्याचा हात शेपटीजवळ होता. माझ्या हातात माइक होता. तीनशे माणसांसमोर मी त्यातून म्हणालो, "धम्मा, शेपूट वडू नगंस. हितं लबाडी चालत न्हाई."

लोक हसले. धम्मपालने मासा उचलला, दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, काठी घेतली आणि गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. हे वाक्य मी दुसऱ्या कोणाला, माझ्या भावकीतल्या कोणाला, माइकवरून म्हणालो असतो का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. उत्तर मला ठाऊक आहे. ते उत्तर इथे लिहायला हात धजत नाही, पण वाचणाऱ्याला ते कळेल.

दोन हजार सतरामध्ये फळीच्या रेघा पुसट झाल्या म्हणून मी त्या नव्याने रंगवायला घेतल्या. स्टीलची पट्टी शून्यापासून लावली तेव्हा चूक दिसली. त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी फळीचा लाकडी ठोकळा चिरला होता, म्हणून मी त्याच जुन्या भोकांत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला होता. ठोकळा जाड होता, त्याचा काठ बरोबर शून्यावर येत असे. पत्रा पातळ, त्याचा काठ शून्याच्या सहा मिलिमीटर मागे राहिला. प्रत्येक माशाचे तोंड तेवढे मागे गेले आणि प्रत्येक मासा तेवढा कमी भरला. त्या दिवशी सगळ्यांचे सारखेच कमी भरले, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते एकट्या धम्मपालचे. त्याचा मासा चाळीस पूर्णांक दोन होता.

दुसऱ्यांच्या फळ्या मी स्पर्धेआधी दोनदा तपासत असे. ही मी स्वतः दुरुस्त केली होती म्हणून तपासली नाही.

मी मनुबाईला सांगितले. ती निवडत होती ते तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "आवं, मग जावा की त्यांच्याकडं. मासा ग्येला पान्यात, मानूस तर गावातच हाय न्हवं?" मी उद्या जातो म्हणालो. तीन वर्षे मला चूक ठाऊक नव्हती, ती माफ होईल. पुढची आठ वर्षे ठाऊक होती. तोवर मी तालुक्याचा मुख्य पंच झालो होतो आणि माझ्या शब्दावर लोक बक्षिसे वाटत होते. मला लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली की तो दार उघडेल आणि काहीच बोलणार नाही. मनुबाई गेली तेव्हा तो घाटावर आला होता. लांब, पिंपळापाशी उभा राहिला आणि अग्नी दिल्यावर निघून गेला. मी हाक मारली नाही.

ही फळी पत्र्यासकट माझ्यासोबत सरणावर ठेवावी.

कलम ६. धम्मपाल भिकाजी रोकडे याला मी या मृत्युपत्रातून काहीही देत नाही. माझे बांबूचे गळ, माझे घड्याळ, सगळे त्यालाच द्यायचे मनात होते. पण कराडचे वकील विश्वजीत म्हणाले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मग मी विचार केला. देणगी माझ्या मागे पोहोचते, आणि साक्षीदाराला मी जिवंत असताना माझ्यासमोर बसावे लागते. म्हणून मी त्याला साक्षीदार मागतो आहे.

राहीबाईंच्या हाती त्याला चिठ्ठी पाठवली आहे की गुरुवारी सकाळी दहाला यावे. "दिली का?" विचारले तर राहीबाई म्हणाल्या, "घ्येतली. वाचली. खिशात ठिवली." वकील म्हणतात दुसरा कोणीही साक्षीदार चालेल, गल्लीत माणसे पुष्कळ आहेत. मला चालणार नाही. तो आला नाही तर हे मृत्युपत्र मी सही न करता पेटीत ठेवीन. घर काय, कायद्याने संयोगितालाच जाईल. राहीबाईंचा फ्रिज तेवढा राहील, त्यासाठी त्यांची आताच माफी मागतो.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे म्हणतात. धम्मपालने कलम पाच वाचूनच सही करावी, ही माझी अट आहे.

कलम ७. माझी रक्षा संगमाखालच्या डोहात सोडावी. भाषण ठेवू नये. माइक अजिबात लावू नये.

वर लिहिलेले सर्व माझे आहे आणि मला मान्य आहे. खाली नावे घातलेल्या दोघांच्या देखत मी सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: उंब्रज. गुरुवार, दिनांक २० नोव्हेंबर २०२५.

सही: नाथाजी केरबा साळुंखे

साक्षीदार १: डॉ. क्रांती माने, उंब्रज. सही केली. रुग्ण सकाळी आठपासून दारात खुर्ची टाकून बसलेले होते, रक्तदाब वाढलेला आहे, बाकी ठीक.

साक्षीदार २: धम्मपाल भिकाजी रोकडे, वय ६९, राहणार उंब्रज. वकील सांगतात की नाव-पत्त्याशिवाय काही लिहू नये. तरी लिहितो. कलम पाच वाचले. मासा चाळीसच्या वर आहे हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं, त्यासाठी तुझी फळी नको होती. नाथा, तू फक्त काठीकडं बघायचं होतंस. अकरा वर्षं ती मी मोडली नाही. संगं आणलीय, बाहेर भिंतीला टेकवून ठेवलीय. खूण अजून दिसते. ऊठ आणि बघ.