खिळ्यावरचं पुष्पचक्र

लायबाख, ६ ऑक्टोबर

प्रिय एडमुंड भावोजी यांस,

वाल्बुर्गाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधीच विचारून घेते, नंतर राहून जाईल. हॅम्बुर्गची हवा दमट असते म्हणतात. झोपताना गुडघ्याला कोबीचं पान बांधत जा. तुमचे दादा बांधत असत आणि त्यांना गुण आला होता. शेवटी त्यांचा गुडघा अगदी ठणठणीत होता. थांबलं ते हृदय.

तुमचं पुष्पचक्र पोहोचलं. चांगलं मोठं आहे. मयतीला तुम्ही का आला नाहीत ते मी सगळ्यांना सांगितलं. शेजारचा युप (तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे आणि अजून पिंपं बनवतो, जरी विकत कुणी घेत नाही) म्हणाला, "कुठला गुडघा? डावा की उजवा?" मी म्हटलं, दोन्ही. "मग माणूस तिकडे उभा कसा राहतो?" मी म्हटलं, युप, आज तरी गप्प बस. तो बसला. पण सगळ्यांसमोर मान हलवून बसला.

पत्राचं कारण साधं आहे. सोबत एक कागद आहे. आपल्या गावच्या पर्यटन मंडळाला गाढवमरणाचा, आपल्या द्राक्षमळ्याचा, वरचा अर्धा भाग, म्हणजे तुमचा, झोपाळ्यासाठी हवा आहे. खालचा अर्धा आमचा होता, आता माझा. पण उताऱ्यावर जमीन एकच असल्यामुळे सह्या दोघांच्या लागतात. पेन्सिलीची फुली आहे तिथे तुमची सही करा आणि महिनाअखेरीच्या आत पाठवा. मी दुसरं काहीही मागत नाही.

झोपाळा म्हणजे काय ते तुम्हाला समजणार नाही. बावीस वर्षांत तुम्ही इकडे फिरकला नाहीत. आपल्या डोंगरावर आता द्राक्षांपेक्षा बघण्यासारख्या गोष्टी जास्त आहेत. माथ्यावर एक लाल बाक आहे, तीन माणसांइतका उंच. त्यावर बसलं की मोठ्या माणसाचे पायही लहान मुलासारखे लोंबकळतात आणि समोर मोझेलचं वळण दिसतं. (तेच वळण आपल्या मोरीच्या खिडकीतूनही दिसतं. तिथे कुणी फोटो काढत नाही.) ऑगस्टमध्ये मी एकदा त्या बाकावर चढले, कारण मंडळाच्या क्रेम्परबाई म्हणाल्या, गावकऱ्यांनीही अनुभव घ्यायला हवा. अनुभव आला. चढता येतं, उतरता येत नाही. दीड तास मी नदी बघत बसले. शेवटी बेल्जियमच्या चौघांनी मला कपाट उतरवावं तशी खाली घेतली आणि माझ्याबरोबर फोटो काढला. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "वरून आपल्या वेलींच्या ओळी कशा दिसल्या?" एवढंच. मी म्हटलं, हिरव्या.

ज्या उतारावरून तुमच्या पणजोबांचं गाढव पडून मेलं, त्याच उताराला आता लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत आणि माणसं लाल जाकिटं घालून हौसेनं चढतात. गाढवाच्या पाठीवर निदान ओझं तरी दिलेलं होतं. शिड्या संपतात तिथे एक सज्जा आहे. सज्ज्याच्या पुढे, बरोबर तुमच्या ओळींवर, हा झोपाळा टांगायचा आहे, नदीच्या बाजूला झुलणारा. खांबांच्या पायासाठी तुमच्या वेली काढाव्या लागतील. क्रेम्परबाई म्हणतात, झोपाळ्यावर बसलेला माणूस द्राक्षांवर तरंगल्यासारखा दिसेल. मी विचारलं, द्राक्षं तर काढून टाकणार ना? त्या म्हणाल्या, "फोटोत खालची येतील, तुमची."

आता दादांचं. तुम्ही फोनवर विचारलं नाहीत, म्हणून लिहिते. मंगळवारी सकाळी ते कुजके घड काढून टाकायला वर गेले. बाराची घंटा झाली तरी आले नाहीत. युप वर गेला. दादा दगडी बांधाला टेकून बसलेले होते, टोपी डोक्यावर, शेजारी अर्धी भरलेली बादली. त्या उतारावरून माणसाला खाली आणायला रस्ता नाही हे तुम्ही जाणता. म्हणून युपने त्यांना द्राक्षांच्या पेट्यांच्या रुळगाडीवर ठेवलं, पट्टा बांधला, आणि ती खडखडत खाली आणली. ती गाडी हळू चालते. सज्ज्यावर पन्नासेक माणसं उभी होती, त्यांनी हात हलवले. युपने टोपी काढली. त्यांना वाटलं, हा आपल्याला नमस्कार करतोय. त्यांनीही टोप्या काढल्या. (युप म्हणतो, एवढा मान गावात बिशपलासुद्धा मिळाला नव्हता.)

शनिवारी माती झाली. आम्ही दफनभूमीतून परत आलो तर तुमचं पुष्पचक्र उंबऱ्यावर आडवं पडलेलं. पोहोचवणाऱ्याने पत्ता नीट वाचला नाही, किंवा तुम्ही नीट लिहिला नाहीत. मागे माणसं होती, फादर होते, अग्निशमन दलाचे बाराजण काळ्या गणवेशात होते, कुणीतरी अडखळून पडलं असतं. मी ते उचललं आणि टांगलं. कुठे टांगलं याचा विचार केला नाही. हातांनी केला. एक्केचाळीस वर्षं मी त्या दाराशेजारच्या खिळ्यावर डहाळ्यांची जुडी टांगत आले आहे. हिरवी, गोल, पानांची. तुमचं पुष्पचक्रही हिरवं, गोल, पानांचंच होतं. पांढरी फीत भिंतीकडे गेली.

नियम तुमच्या आईचा, तुम्हाला वेगळा सांगायला नको. जुडी दारावर लागली की अंगण गिऱ्हाइकांना उघडं, घरची वाइन ओतायची, आणि जुडी आहे तोवर दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. आपल्या कोंबड्या चोरणाऱ्यालासुद्धा त्यांनी पेला दिला होता. (वर विचारलं होतं, "कोंबडी कशी झाली होती?") तर आम्ही अंगणात मयताच्या कॉफीला बसलो, टेबलं लांब मांडलेली, केक कापलेला, आणि फाटकातून आठ लाल जाकिटं आत आली.

उत्तरेकडची माणसं होती, आठवडाभर आपल्या डोंगरावर चालायला आलेली. पुढे एक हार्म्सबाई, निवृत्त शिक्षिका. दारावर बोट दाखवून म्हणाल्या, "उघडं आहे वाटतं! बसू का? अगं बाई, सगळे काळ्या कपड्यात किती छान दिसताय. गायनमंडळ का?"

फादर केककडे बघत होते. मग युप म्हणाला, "हो. पण मुख्य गायक आज आला नाही."

आणि तो उठून तळघरातून सुरई घेऊन आला. मी काय करणार? पुष्पचक्र खिळ्यावर होतं. मी पेले मांडले. त्यांनी वाइन प्यायली, चुऱ्याचा केक संपवला, फादरांना विचारलं की तुम्ही कुठल्या पट्टीत गाता. मग म्हणाले, एखादं गाणं होऊन जाऊ दे. दलाच्या माणसांना त्या दिवशी एकच गाणं आठवत होतं, तासाभरापूर्वी खड्ड्याशी म्हटलेलं. ते त्यांनी पुन्हा म्हटलं. आठही जणांनी हातात हात गुंफले आणि बाकावर डोलायला लागले. मातीच्या गाण्यावर डोलता येतं हे मला माहीत नव्हतं. येतं. मधल्या एका कडव्याला माझ्या शेजारचा फायरमनही थोडा डोलला.

मग हार्म्सबाईंनी फोन काढला. "मंगळवारी त्या शिड्यांजवळ आम्हाला एक आजोबा भेटले," म्हणाल्या, "काय गोड माणूस! बघा." मी बघितलं. बांधावर बसलेले, डोळे उन्हाने बारीक केलेले, हातात एक घड, शेजारी बादली. बादली अजून अर्धी झालेली नव्हती.

मी विचारलं, काही बोलले का?

"तर! मी म्हटलं, आजोबा, एवढा कडा, एकटेच करता? तर म्हणाले, एकटा कुठला? भाऊ आहे ना. या वरच्या ओळी त्याच्या. तो कात्री आणायला गेलाय. मी म्हटलं, मग येईलच. म्हणाले, हो, जरा वेळ झालाय खरा."

भावोजी, त्या टेबलावर आपल्या गावची एकवीस माणसं होती आणि एकवीस जणांना माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या द्राक्षखुडीत बांधालगतची ओळ कुणाची यावरून तुम्ही दोघं भांडलात, तुम्ही म्हणालात, "कात्री घेऊन येतो," खाली उतरलात, आणि दोन वाजून दहाची गाडी पकडलीत. दादा अंधार पडेपर्यंत पेट्यांजवळ उभे होते. घरात त्यांनी पुढे तुमचं नाव काढलं नाही. पण दरवर्षी छाटणीला तुमच्या ओळी आधी घ्यायचे, मग आमच्या. मी विचारलं की म्हणायचे, त्या वाटेत लागतात. त्या वाटेत लागत नाहीत. त्या कड्याच्या टोकाला आहेत.

हार्म्सबाई विचारत होत्या, आजोबा या गावचेच का, त्यांना फोटो द्यायचा आहे. मी म्हटलं, ते वर आहेत. (दफनभूमी चर्चच्या वरच आहे, मी खोटं बोलले नाही.) तेवढ्यात वारा आला आणि फीत भिंतीकडून इकडे वळली. शिक्षिकांना दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय असते. "थोरल्या भावास, एडमुंडकडून," त्यांनी वाचलं. मग त्यांनी दाराकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, फोनकडे बघितलं. फोन पालथा ठेवला.

त्यांनी माफी मागितली नाही, ते बरं झालं. एक एक जण उठला, माझा हात हातात घेतला. शेवटच्याने आधी हाताचा केकचा चुरा पुसला. मग आठही जण जाकिटं काढून मोरीत गेले, सगळे पेले धुतले, पुसले, ओळीने पालथे घातले आणि गेले. फाटक लावून गेले. पाहुणे फाटक कधी लावत नाहीत.

हे सगळं तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. पुष्पचक्राची पोच द्यायची होती. मी एकोणसत्तरची आहे, युपचा दम पुरत नाही, आणि उतार आहे तेवढाच उभा आहे. झोपाळा येऊ दे. लोक झुलतील, नदी बघतील. तुम्ही सही करा, मी मनात काही ठेवणार नाही. गुडघ्याला जपा.

तुमची वहिनी,
वाल्बुर्गा

ता. क. कागदावर माझी सही दिसणार नाही. पेन संपलं होतं.

ता. क. दुसरा. पेन संपलं असतं तर हे पत्र कशाने लिहिलं? मी सही केलेली नाही. खुडी अठरा तारखेला सुरू होते. खालच्या ओळी युप आणि मी करू. वरच्यांना माणूस नाही. गुडघ्याची अडचण असेल तर रुळगाडी वरपर्यंत जाते. एक माणूस आडवा मावतो, म्हणजे बसून नक्कीच मावेल. पट्टा मजबूत आहे, मी स्वतः पाहिला आहे.

ता. क. तिसरा. कायद्याने आपल्याला घरच्या वाइनसाठी दार वर्षातून चारच महिने उघडं ठेवता येतं आणि ते सप्टेंबरअखेर संपले. क्रेम्परबाई दोनदा सांगून गेल्या, ते खिळ्यावरचं काढा, लोकांचा गैरसमज होतो. पानं गळायला लागली आहेत, पण अठरापर्यंत टिकेल. मी काढलेलं नाही. ते आहे तोवर दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही, मग तो कुणीही असो.

आणि कात्री त्या दिवशी तुमच्या खिशातच होती, आईची, लाल मुठीची. दादांना ती दिसली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, तुमच्याबद्दलचं शेवटचं. येताना घेऊन या.