ओला दिसलेला कातळ

रविवार, जानेवारी. हर्नडन, अमेरिका, संध्याकाळ

आजची डोंगरवाट मीच निवडली होती: दक्षिणेचा उतार, कमी उंची, दिवसभर ऊन. बर्फ लागणार नाही म्हणालो, आणि वाटेत कुठे दिसलाही नाही. नकाशे वाचून स्वतः शिकलो, याचा केवढा तोरा!

वळणावर सावलीत काळा कातळ होता. ओला वाटला. सह्याद्रीत शेवाळ नसलेल्या ओल्या कातळावर पाय घसरत नाही, म्हणून खुशाल पाय टाकला. माझा कसा टिकला, देव जाणे. मागे सुनंदा. "तू ठेवशील तिथेच मी पाय ठेवणार," हा बायकोचा नेहमीचा हट्ट. ठेवला, आणि दरीकडे घसरलीच. तिच्या सॅकचा पट्टा हाती लागला म्हणून...

ओला नव्हताच तो. वरच्या बर्फाचं उन्हाने वितळून आलेलं पाणी सावलीत पुन्हा गोठलेलं, काचेसारखं. एवढं सुचू नये मला?

गाडीत म्हणाली, "पुढच्या वेळी बर्फाचीच वाट निवड बाबा, निदान दिसतो तरी!" मला हसता आलं नाही. पट्टा निसटला असता तर?

आत्ता ती बूट हीटरपाशी वाळत ठेवतेय. "पुढच्या रविवारी कुठे?" विचारतेय. अजूनही मलाच विचारतेय.