मंगळवारी तिकीट स्वस्त असतं

३ सप्टेंबर, बुधवार
ऋतुजाचा डेहराडूनहून फोन. पोरगी वनशास्त्राच्या एम.एस्सी.त विद्यापीठात पहिली आली. १५ नोव्हेंबरला पदवीदान, सुवर्णपदक, आईबापासाठी दोन पास. शालन आधी रडली, मग म्हणाली की आजच निंगप्पाकडे जाऊन तिकिटं काढून टाका.
मी फक्त हसलो. निंगप्पा म्हणजे स्टँडसमोरचा एजंट. एक टेबल, एक पंखा, दारात चपलांचा ढीग. अर्धं सोलापूर त्याच्याकडे रांगेत उभं राहून स्वतःला लुटून घेतं आणि वर त्यालाच चहा पाजतं. मी वरिष्ठ लिपिक आहे, मेंढरू नाही.
पुणे–दिल्ली विमान आज माणशी ५,४००. मी तीन हजारात काढणार. व्हिडिओ बघून झाले. नियम एकच: तिकीट मंगळवारी काढायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार
मंगळवार असून ५,७००. ॲपला माझी गरज कळली आहे. आता काही दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. येईल ताळ्यावर.

२३ सप्टेंबर, मंगळवार
६,१००. चौदा दिवस दुर्लक्ष करूनही गुर्मी कायम. कारण सापडलं. आपण काय शोधतो त्याची नोंद फोनमध्ये राहते. सगळा डेटा पुसून टाकला. माझ्या फोनमधला, आणि खबरदारी म्हणून शालनच्याही. त्यात तिच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं गेली. दुपारपासून बोलत नाही. अभ्यासाला शांतता बरी.

५ ऑक्टोबर, रविवार
टेंभुर्णीहून शालनचा भाऊ ज्ञानबा आला. केळीची बाग, डोक्याला टोपी, फोन बटणांचा. त्याला भाचीचं पदक बघायचं आहे. पास नसला तरी हॉलबाहेर बसेन म्हणाला.
‘दाजी, मला त्यातलं काय कळत न्हाय. माझं बी तिकीट तुमीच काढा की.’
दर का चढतात, का उतरतात, हे त्याला अर्धा तास समजावलं. मान डोलवत होता. नंतर लक्षात आलं, डुलक्या घेत होता. अशा लोकांवरच एजंट पोसले जातात.

११ ऑक्टोबर, शनिवार
कूपन सापडलं! दिवाळी सवलत, माणशी दीड हजार. फक्त एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर. ते माझ्याकडे नाही, म्हणून अर्ज केला. ऑफिसातल्या महेश्वरनं विचारलं, कार्ड येईपर्यंत तिकीट महागलं तर? अठरा वर्षं माझ्या शेजारी बसून हा माणूस काहीही शिकलेला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
ज्ञानबा ओवाळून घ्यायला आला तो खिशात तिकीट घेऊनच. निंगप्पाकडचं. दिल्लीपर्यंत विमान, पुढची रेल्वे, परतीचं, सगळं एका कागदावर. विमानाचे ६,३०० मोजले म्हणे. शालननं त्या कागदाला कुंकू लावलं. मी गप्प बसलो. माणूस आनंदात असताना तो फसलाय हे सांगू नये. माझं तिकीट बघितल्यावर त्याचं त्यालाच कळेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
कार्ड आलं. कूपनची मुदत कालपर्यंत होती. बँक, कुरिअर, ॲप, सगळे आतून मिळालेले.
दर ८,२००. भित्रे लोक या टप्प्यावर घेऊन टाकतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार
ऋतुजानं विचारलं, बाबा, तिकीट झालं का? झाल्यात जमा आहे, म्हणालो. शालन आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, त्यामुळे तिची घाई समजू शकतो. पण किती वेळा विचारावं?

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८:२०
जिंकलो! २,९९०! दोन तिकिटं काढली. १४ तारखेला पुण्याहून ९:१०, हैदराबादवरून दिल्लीला दुपारी १:४०. पोचायच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ आहे, म्हणजे माणशी एक बॅग जादा. पैसे परत मिळणार नाहीत अशी अट आहे, पण परत मागतोय कोण?
स्क्रीनशॉट सगळ्या नातेवाइकांना पाठवला. निंगप्पाच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा चालत गेलो. त्याचं लक्ष नव्हतं. रांग होती.

३ नोव्हेंबर, सोमवार
ऋतुजाचा फोन. ‘+१’ म्हणजे बॅग नव्हे, दुसरा दिवस. हैदराबादला चोवीस तासांवर थांबायचं. दिल्लीत उतरणार १५ला दुपारी, आणि पदवीदान त्याच दिवशी सकाळी साडेदहाला. ती रागावली नाही. हळू बोलली.
चूक ॲपची आहे. दिवसाला अधिकचं चिन्ह कोण लावतं? ग्राहक मंचात खेचणार.
महेश्वर म्हणाला, हैदराबादला तर आपल्या सोलापुरातून सरळ रेल्वे आहे, मग उलटं पुण्याला कशाला जायचं? त्याच्याशी बोलणं बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुसरं तिकीट बघितलं. ११,४००. हा भाव मी देणार नाही. दोन दिवसांत पडतो की नाही बघाच.
संध्याकाळी शालन बाहेरून आली. निंगप्पाकडे गेली होती. ज्ञानबाच्याच विमानाचं तिकीट, स्वतः साठवलेल्या पैशातून. मी विचारलं, आणि माझं?
‘मी एकच काढलंय. तुमचं आहे की.’
आवाज चढवला असता तर उत्तर देता आलं असतं. भाजी ढवळता ढवळता बोलली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बहीणभाऊ काल गेले. माझा पास आता ज्ञानबाला. मी माझ्याच तिकिटावर निघालो. प्रश्न तत्त्वाचा आहे.
एसटीनं पुणे गाठलं. तिथून विमान हैदराबादकडे उडालं, म्हणजे थोड्या वेळानं खाली सोलापूरच आलं असणार. दिसलं नाही. खिडकीच्या सीटला वेगळे पैसे होते. शेजारची शालनची सीट रिकामी, त्यामुळे ऐसपैस बसलो. एका माणसाला दोन सीट! निंगप्पाच्या कुठल्या गिऱ्हाइकाला मिळाल्या आहेत?

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०:५०, हैदराबाद विमानतळ
खुर्चीत बसून पाठ आखडली. आत्ताच फोटो आला. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत शालन. शेजारी ज्ञानबा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. दोघांचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, समोर आहे.
बाजूला बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मराठीत विचारलं, कुठे निघालात? मुलीच्या पदवीदानाला, सुवर्णपदक मिळालंय, म्हणालो. त्यांनी उठून हात मिळवला. कधी आहे, म्हणाले.
‘आत्ता चालू आहे.’
त्यांनी घड्याळात बघितलं.
ऋतुजाचं नाव किती वाजता पुकारणार, हे मी तिला विचारलंच नव्हतं.