क-१चं वजन

७ जानेवारी २०२४, रविवार. सकाळी ९.४०
सोयगावहून नानासाहेबांचे पक्षी आले. असील जात. चार कोंबड्या, दोन कोंबडे. त्यांच्या घरात ही अवलाद आजोबांपासून आहे, आता ते मुलाकडे पुण्याला चाललेत. ठरलं असं, की होळीपर्यंत मी शुद्ध असील पिल्लं काढून दाखवायची. दाखवली तर शेतावरचे उरलेले तीस पक्षीही माझे. नाही तर ते सगळे दुसऱ्या कुणाला देणार. तशी वेळ येणार नाही.

नानासाहेब पक्षी हातावर तोलतात आणि 'भरला', 'हलका' असं सांगतात. वय ऐंशी, पण अजून घरात काटा नाही. मी शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही मायक्रॉनमध्ये बोलतो.

रजिस्टर केलं. वजन, पायाची लांबी, खाद्य, पाणी, तापमान, स्वभाव, मिलन. सात रकाने. दोन्ही नरांना नंबर दिले. क-१, क-२.

१४ जानेवारी, रविवार
दोन कोंबडे एका आवारात राहत नाहीत. एक ठेवायचा.
क-१: ४.४ किलो. क-२: ३.२, शिवाय छातीवर जुने ओरखडे. काल क-२ अंगावर आला तेव्हा क-१ शांतपणे मागे फिरला आणि खायला लागला. नोंद: परिपक्व.
क-२ परत पाठवला.
संध्याकाळी नानासाहेबांचा फोन. ताई, उलटं केलंत की, म्हणाले. कामाचा गडी मला धाडला आन् जाडा ठेवून घेतला. जाडा! मी त्यांना सरासरी आणि विचलन समजावून सांगितलं. ते व्हय व्हय म्हणत राहिले. कळलं नसणार.

२० जानेवारी, शनिवार
क-१ ४.७ किलो. भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे मानवतात. आई त्याला व्यंकटराव म्हणते. व्यंकटकाका जेवून असेच ओट्यावर बसायचे म्हणे. आमच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असतो, त्यामुळे तिच्याकडून शास्त्रीय मदतीची अपेक्षा नाही.

समोरच्या काकासाहेबांनी आरवण्याबद्दल तक्रार केली. पहाटे ५.१० ला डेसिबल मोजले: ८१. नंतर त्यांच्या भजनांच्या स्पीकरचे मोजले: ८४. दोन्ही आकडे लिहून त्यांच्या दारात टाकले. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. प्रश्न सुटला.

मिलनाचा रकाना कोरा आहे. शेजारच्या गच्च्यांवर बायका पापड वाळवत असताना हातात पेन घेऊन तसल्या गोष्टीची वाट बघत उभं राहणं मला जमणार नाही. गरजही नाही. वजन वाढतंय, त्याअर्थी बाकीचं होतच असणार.

२८ जानेवारी, रविवार
भिंतीपलीकडे सारजाबाई राहतात. गारखेड्यात घर बांधून वीस वर्षं झाली, पण कोंबड्या अजून गावाकडच्यासारख्या मोकळ्या, गटारीपर्यंत. त्यांच्या कोंबड्याची मान उघडी आहे. एकही पीस नाही, लालभडक. वजन अंदाजे पावणेदोन किलो. हा प्राणी दोनदा आमच्या आवारात सापडला. दोन्ही वेळा उचलून पलीकडे टाकला.

सारजाबाई भिंतीवरून म्हणाल्या, उमाताई, तुमचा तर नुस्ता म्हाताऱ्यावानी बसून ऱ्हातो की! लई जड केलाय त्याला. कोंबडीवर चढाया जमत नसंल बगा. मी सांगितलं की ती बैठक नाही, तो स्वभाव आहे. व्हय का, म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. शिक्षण चौथी.

४ फेब्रुवारी, रविवार
अंडी सुरू. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहिते.
उघड्या मानेचा पुन्हा सापडला. या वेळी खुराड्यात. भिंत पाच फूट दोन इंच. वर जाळी लावायला हवी. दुकानात पाऊण इंची जाळी मिळते, मला अर्धा इंची हवी. हलका माल मी लावणार नाही, थांबेन. तशी घाईही नाही. असील कोंबड्या असल्याला दारात उभं करणार नाहीत.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.००
बारा अंडी इन्क्युबेटरमध्ये. ३७.५ अंश, आर्द्रता ५५. सारजाबाईंनी अंडी उबवायला खुडूक कोंबडी देऊ केली होती. कोंबडीचं तापमान कोण कॅलिब्रेट करणार?

१८ फेब्रुवारी, रविवार
सातवा दिवस. अंधारात टॉर्च लावून अंडी तपासली. बारापैकी अकरांत रक्तवाहिन्या, म्हणजे जीव धरलाय. अकरा!
नानासाहेबांना लगेच फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, अकरा? त्या जाड्याची? नवलच हाय. मी म्हटलं, नवल नाही, निवड. ऐंशीव्या वर्षीही माणसाचा अंदाज चुकू शकतो, हेही सांगितलं. बरं ताई, म्हणाले.
तीस पक्ष्यांसाठी खुराड्याचं ड्रॉइंग सुरू केलं. क-१ ५.१ किलो.

३ मार्च, रविवार
दहा पिल्लं बाहेर आली. तरतरीत. दहांपैकी एकाच्याही मानेवर लव नाही.
कारण: आर्द्रता. हायग्रोमीटर गेल्याच महिन्यात तपासला होता. तरी दोष त्याचाच.
सारजाबाई न बोलावता आल्या. खोक्यात डोकावल्या आणि ओरडल्या, अगं बया, ही तर माझी नातवंडं! मी त्यांना ओलावा आणि पिसांच्या वाढीचा संबंध समजावून सांगितला. ऐकून घेतलं. जाताना पिल्लांवरून हात ओवाळून बोटं मोडली.

८ मार्च, शुक्रवार
मानेवर अजून काही नाही. खाद्यात प्रथिनं वाढवली.

१० मार्च, रविवार
नानासाहेब आले. एक पिल्लू तळहातावर घेतलं, बोटानं मान वळवली. मग भिंतीकडे बघितलं. उघड्या मानेचा भिंतीवरच बसला होता. आज तरी तिथं बसायची गरज नव्हती.

मग त्यांनी क-१ला उचललं. सव्वापाचला जरा कमी, म्हणाले. काट्यावर ५.२४ आला.

मी रजिस्टर दाखवलं. सगळी पानं शांतपणे उलटली. एका कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ताई, ह्यात काय लिवायचं असतं? मी सांगितलं. मग म्हणाले, येवढंच तेवढं ऱ्हायलं व्हय?

ते फाटकातून सारजाबाईंकडे गेले. अर्धा तास. कपबश्यांचा आवाज येत होता. परत आले ते दोन टोपल्या घेऊन. चारही कोंबड्या पलीकडे जाणार. होळीनंतर शेतावरचे तीस पक्षी तिथंच येणार, क-२सकट. ती बाई कोंबड्यांकडं बगती, म्हणाले, आन् तुमी काट्याकडं. पिल्लंही सारजाबाई घेऊन गेल्या. नातवंडं आजीकडेच वाढतात म्हणाल्या. उघड्या मानेच्याचा पुढच्या रविवारी रस्सा आहे. घरात नवा जावई येतोय, जुन्याला काढावं लागतं, हेही त्यांचंच.

चौघींतली पिवळ्या डोळ्यांची कोंबडी टोपलीतून एकदा तरी इकडे बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं.

क-१ला नानासाहेबांनी नेलं नाही. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ, म्हणाले. तुमचं दोघांचं जमतं.

रजिस्टर अपुरं ठेवायची मला सवय नाही. मिलनाचा रकाना आज भरला. ७ जानेवारीपासून चौसष्ट ओळी, चौसष्ट शून्यं.
क-१ ओट्यावर आहे. स्वभाव: शांत.